शेवटच्या धावपटूमागची गाडी

मी एक जुनी व्हॅन आहे. एके काळी माझा रंग पांढरा होता. आता त्याला काय म्हणायचे, ते मलाही सांगता येणार नाही. इस्पितळाच्या मागच्या आवारात, धुलाईघराच्या भिंतीला लागून मी गेली पाच वर्षे उभी आहे. माझी मागची दोन चाके कोणी तरी काढून नेली आणि त्यांच्या जागी विटा रचल्या. मित्रांनो, अशा गाडीजवळ सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. पण आमच्या शहरात दरवर्षी जी मोठी धर्मादाय दौड होत असे, तिची हकिकत माझ्याइतकी सलग कोणी पाहिलेली नाही. त्या दौडीच्या फोटोंत पुढे पळणारे लोक दिसतात. मी सव्वीस वर्षे सगळ्यांच्या मागे होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर त्याच दिवशी जन्मलेल्या बहिणींपैकी कोणी पावाच्या कारखान्यात गेली, कोणी टपालात. मी इस्पितळात आले. माझ्या पोटात बाके बसवलीच नाहीत. त्याऐवजी लोखंडी फळ्या ठोकल्या, कारण मला माणसे न्यायची नव्हती, चादरी न्यायच्या होत्या. तेव्हा धुलाईघर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. रोज सकाळी वॉर्डांतली मळकी गाठोडी घेऊन जायचे आणि दुपारी इस्त्रीच्या घड्या घेऊन परत यायचे, हे माझे काम.

माझा ड्रायव्हर तेव्हा तिशीत होता. त्याची ही पहिलीच पक्की नोकरी. स्वतःचा जुना बनियन फाडून त्याने मला पुसायला फडकी केली होती. तो फारसा बोलत नसे, पण गाठोडी आत टाकताना कोणते कुठले आहे ते मोठ्याने म्हणत असे. "हे बाळंतिणींचं. हे हाडांचं." एक गाठोडे मात्र तो कधी टाकत नसे. ते दोन्ही हातांनी उचलून माझ्या खालच्या फळीवर अलगद ठेवी. ते भाजलेल्या मुलांच्या वॉर्डातले असे. त्या चादरींना पिवळ्या मलमाचा वास येई, आणि त्या कधीच पूर्ण कोरड्या नसत.

त्या वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेला सगळे नुसते 'सिस्टर' म्हणत. इतरही सिस्टर होत्या, पण त्यांना नावे होती. या बाई बुटक्या आणि चपळ. त्यांचे चालणे म्हणजे दुसऱ्याचे पळणे. त्यांच्या वॉर्डात थंड, स्वच्छ हवेची खोली नव्हती. उन्हाळ्यात मुलांच्या जखमा चिघळत. सिस्टरांनी चार वर्षे अर्ज केले. मग एका शनिवारी दुपारी त्या आवारात आल्या आणि माझ्या दारावर हात ठेवून ड्रायव्हरला म्हणाल्या,

"उद्या आम्ही पळणार आहोत. हॉस्पिटलपासून पुलापर्यंत, तिथून नदीकाठाने परत. दहा किलोमीटर. लोकांनी वर्गणी द्यायचं कबूल केलंय. तुम्ही गाडी घेऊन मागे राहाल का? कोणी पडलं तर उचलायला हवं."

"सिस्टर, उद्या रविवार. माझी सुट्टी."

"माझीही सुट्टीच आहे," सिस्टर म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पहाटेच हजर. धुलाईघरातली एक विरलेली चादर त्याने माझ्या पाठीवर बांधली होती आणि तिच्यावर लाल रंगाने लिहिले होते, 'हळू चला, पुढे माणसं आहेत.' त्या चादरीपायी पुढे धुलाईघराच्या मुकादमाने त्याला आठवडाभर फैलावर घेतले.

त्या पहिल्या वर्षी त्रेसष्ट माणसे पळाली. परिचारिका, दोन डॉक्टर, एक बेकरीवाला, कॉलेजची काही मुले, आणि इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला एक जाडजूड आचारी. आचारी शेवटून पहिला होता. सातव्या किलोमीटरनंतर त्याने चपला हातात घेतल्या आणि चालू लागला. मी त्याच्या मागे माणसाच्या चालीने जात होते. माझे इंजिन तापले, पण मी तक्रार केली नाही. आम्ही फाटकाशी पोहोचलो तेव्हा बासष्ट माणसे ताटकळत उभी होती. शेवटच्या रेषेवर धरलेल्या दोराचे एक टोक सिस्टरांनी स्वतः पकडले होते आणि हात अवघडला तरी सोडले नव्हते.

"शेवटचा माणूस आत येईपर्यंत दोर खाली ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "पाणी उचलायचं नाही. घरी कोणी जायचं नाही."

तो दौडीचा पहिला नियम झाला. त्याच वर्षी थंड हवेच्या खोलीचे काम सुरू झाले.

तिसऱ्या वर्षी एक लिफ्टवाले आले. शहरातल्या एका नऊ मजली कचेरीत ते लिफ्ट चालवत. आदल्या वर्षी त्यांची सात वर्षांची मुलगी स्टोव्हच्या भडक्यात सापडली होती. मान, उजवा खांदा आणि हात. चार महिने ती सिस्टरांच्या वॉर्डात होती. तिच्या चादरी मीच नेल्या आणि मीच आणल्या. ती जगली. ती घरी गेली त्या दिवशी लिफ्टवाल्यांनी सिस्टरांना विचारले होते, "मी काय देऊ? माझ्याकडे देण्यासारखं काही नाही." सिस्टर म्हणाल्या होत्या, "पाय आहेत ना? मग पळा."

म्हणून ते पळायला आले. कचेरीची खाकी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, अंगात बायकोने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. दिवसभर उभे राहून त्यांचा एक गुडघा कामातून गेला होता. ते शेवटचे आले. पुढच्या वर्षीही शेवटचेच, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. दरवर्षी शेवटचे तीन-चार किलोमीटर मी आणि ते अशी आमची जोडी ठरून गेली.

"बसता का?" ड्रायव्हर खिडकीतून हसत विचारी. "तुमच्या लिफ्टपेक्षा बरी आहे. झोके देत नाही."

"नको राव. आयुष्यभर वर-खाली केलं. वर्षातून एक दिवस तरी सरळ जाऊ दे."

त्यांची मुलगी शेवटच्या दोराजवळ पाण्याची बाटली घेऊन उभी असे. आधी आईचा हात धरून, पुढे आई गेल्यावर एकटी. ती मोठी झाली आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासून नंबराला बसवण्याचे काम करू लागली. लांबूनच ओरडे, "बाबा, यंदा चार मिनिटं लवकर!" आणि लिफ्टवाले माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "हिने ढकललं."

मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती.

दौड मोठी झाली. आठव्या वर्षी दोन हजार माणसे आली, पंधराव्या वर्षी सहा हजार. दुकानदार आले, कंपन्या आल्या, छातीवर नंबर आले. एक कमिटी झाली. एका फर्निचर कारखान्याचे मालक तिचे अध्यक्ष झाले. मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. त्यांनी जिवाचे रान केले. वॉर्डाला नवी यंत्रे मिळाली, आणि मुलांसाठी तीन मजली वेगळी इमारत बांधायचे ठरले. पण मोठ्या गोष्टीला घाई असते. दोर जाऊन तिथे फुग्यांची कमान आली. व्यासपीठ आले, कर्णे आले, टीव्हीचे कॅमेरे आले. पहिल्या दहा जणांना पदके देऊन झाली की लोक पांगत आणि कामगार टेबले उचलू लागत. लिफ्टवाले आणि मी पोहोचत असू तेव्हा रस्त्यावर नुसते कागदी पेले पडलेले असत. ते पेले माझ्या चाकांखाली फटाफट फुटत.

सिस्टर निवृत्त झाल्या. पहिल्या वर्षी कमिटीने त्यांना व्यासपीठावर मधली खुर्ची दिली, नंतर कडेची, नंतर मागच्या रांगेतली. तेव्हा त्या उठून सरळ माझ्याकडे आल्या आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या.

"खुर्चीपेक्षा ही जागा बरी. इथून निदान माणूस दिसतो."

आता त्या वर्षाविषयी सांगते.

दौडीचे ते सव्विसावे वर्ष होते. उन्हाळा लवकर आला होता. सकाळी सहाला सुरुवात ठरली होती आणि साडेपाचपासूनच नऊ हजार माणसे इस्पितळासमोरच्या रस्त्यावर दाटीवाटीने उभी होती. पण प्रमुख पाहुण्यांचे विमान उशिरा आले. साडेसहा वाजले, सात वाजले. ऊन समोरच्या इमारतींवरून घसरत रस्त्यावर आले. लोक उभ्याउभ्याच वाटेसाठी ठेवलेले पाणी पिऊ लागले. सिस्टर माझ्यातून उतरून अध्यक्षांकडे गेल्या. ते माझ्या जवळच उभे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"सोडा लोकांना."

"सिस्टर, फक्त दहा मिनिटं. टीव्हीवाले थांबलेत. पाहुण्यांशिवाय झेंडा कोण दाखवणार?"

"मी दाखवते. पहिली पंधरा वर्षं मीच दाखवलाय."

अध्यक्ष हसले आणि त्यांनी सिस्टरांसाठी थंड पाणी मागवले. सिस्टरांनी ते घेतले नाही.

झेंडा हलला तेव्हा आठला वीस मिनिटे कमी होती.

लिफ्टवाले तेव्हा साठीला टेकले होते. पुलापर्यंत ते ठीक होते. सहाव्या किलोमीटरला त्यांनी आमच्याकडे पाहून हात हलवला. सातव्या किलोमीटरला पाण्याचे टेबल असायला हवे होते. टेबल होते, पण पाय दुमडून भिंतीला उभे केलेले. त्याच्याशेजारी दोन कामगार बसले होते. "पाणी कधीच संपलं," त्यांतला एक म्हणाला. "पुढे असेल." पुढे ऊन होते.

"आज बसा," ड्रायव्हर म्हणाला. या वेळी तो हसला नाही. "माझं ऐका. उतरून परत पळा वाटलं तर, पण थोडं बसा."

"पोरगी वाट बघतेय," लिफ्टवाले म्हणाले आणि चालत राहिले. त्यांच्या पाठीवरचा घाम सुकून गेला होता. सिस्टर काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत होत्या. थोड्या वेळाने लिफ्टवाले थांबले. आमच्याकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला, एखादी कळ दाबावी तसा, आणि अगदी नम्रपणे विचारले,

"कितवा मजला, साहेब?"

"गाडी थांबवा!" सिस्टर ओरडल्या. मी पुरती थांबण्याआधीच त्या खाली उतरल्या होत्या. लिफ्टवाले रस्त्यावर कोसळले.

दोघांनी त्यांना उचलून माझ्या फळ्यांमध्ये, तळावर आडवे केले. माझ्या रेडिएटरसाठी ठेवलेला पाण्याचा डबा तेवढा होता. सिस्टरांनी तो त्यांच्या मानेवर, काखांत, छातीवर ओतला. स्वतःची ओढणी भिजवून त्यांच्या डोक्याला गुंडाळली. ड्रायव्हरने मला असे पळवले, जसे त्याने कधीच पळवले नव्हते. फळ्या खडखडत होत्या. पाच मिनिटांत आम्ही इस्पितळाजवळच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. या गल्लीतूनच अपघात विभागाच्या दाराकडे जाता येते. दुसरा रस्ता कमानीखालून होता आणि तिथे माणसांचा समुद्र होता.

गल्लीच्या तोंडाला लोखंडी कठडा होता. कठड्याला साखळी, साखळीला कुलूप. आत पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या.

"उघडा!" ड्रायव्हर ओरडला.

"किल्ली माझ्याकडे नाही," पहारेकरी म्हणाला. तो घाबरला होता. "किल्ली कमिटीकडे. आणतो." आणि तो व्यासपीठाकडे पळाला.

ड्रायव्हरने माझा हॉर्न दाबून धरला. पण कर्ण्यांतून बाजा वाजत होता, टाळ्या पडत होत्या. पहारेकरी परत आला. "सेक्रेटरी म्हणतात, दोन मिनिटं. पदकं चाललीत, कॅमेरा चालू आहे. किल्ली पाठवतात." दोन मिनिटे झाली. पाच झाली. तो पुन्हा गेला. पुन्हा आला. "येतेय, किल्ली येतेय." मला वाटले, कठडा तोडून आत घुसावे. ड्रायव्हरलाही तसेच वाटले असावे, कारण त्याने मला दोनदा मागे घेतले. पण कठड्याला टेकून लहान मुले घेतलेल्या बायका उभ्या होत्या. मागचा रस्ताही तोवर माणसांनी भरून गेला.

माझ्या डॅशबोर्डवरचे घड्याळ चालू होते. एकोणीस मिनिटे आम्ही तिथे उभे होतो. मित्रांनो, त्या एकोणीस मिनिटांत माझे इंजिन एकदाही बंद पडले नाही. हे मी गर्वाने सांगत नाही. पुढे काय झाले ते कळावे म्हणून सांगते.

शेवटी सिस्टर आतून म्हणाल्या, "आता किल्ली नको. उचला." ड्रायव्हरने आणि पहारेकऱ्याने लिफ्टवाल्यांना कठड्यावरून पलीकडे उतरवले आणि हातांवर घेऊन पळत सुटले. सिस्टर एक बूट पायात आणि एक हातात अशा त्यांच्या मागे. मी दारे उघडी टाकून तशीच धडधडत उभी राहिले.

ड्रायव्हर परत आला तेव्हा चालत आला. स्टिअरिंगवर डोके ठेवून बसला. मग त्याने किल्ली फिरवून माझे इंजिन बंद केले.

तिकडे कमानीजवळ, माझ्यापासून तीस-चाळीस पावलांवर, लिफ्टवाल्यांची मुलगी पाण्याची बाटली घेऊन रस्त्याकडे बघत उभी होती.

चौकशी झाली. चौकशी कमिटीनेच केली. दहा दिवसांनी अध्यक्ष इस्पितळाच्या आवारात आले. त्यांनी सिस्टरांना तिथे बोलावले होते. बोलायला आडोसा म्हणून ते दोघे माझ्यातच बसले. अध्यक्षांचे डोळे सुजलेले होते. ते खरोखरच झोपले नसावेत.

"सिस्टर, खरं बाहेर आलं तर परवानगी कायमची जाईल. नवी इमारत निम्मी झालीय. आज वॉर्डात एकवीस मुलं आहेत, तुम्हीच सांगितलंत. गेलेला माणूस तर परत येत नाही."

अध्यक्षांनी खिशातून एक कागद काढला.

"आम्ही कोणा माणसावर ठपका ठेवत नाही. गाडी जुनी होती. वाटेत बंद पडली, म्हणून उशीर झाला. एवढंच लिहिलंय. गाडीला काय फरक पडतो?"

मी कान देऊन ऐकत होते. मला वाटत होते, आता सिस्टर दार आपटून उतरतील. त्या बराच वेळ समोरच्या अर्धवट इमारतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "द्या कागद." माझ्याच डॅशबोर्डवर ठेवून त्यांनी सही केली.

ड्रायव्हरनेही केली. त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले होते आणि घरी आजारी बायको होती. सही केल्यावर तो माझ्याकडे आला नाही. मला या भिंतीशी लावले ते दुसऱ्याच माणसाने. येणारे-जाणारे मला बघून म्हणत, "हीच ती. हिच्यामुळे माणूस गेला." धुलाईघरातल्या बायका माझ्या सावलीत डबा खायच्या, त्याही दुसरीकडे बसू लागल्या.

आठ महिने गेले. एका थंडीच्या सकाळी आवाराचे फाटक वाजले. पुढे ती मुलगी होती आणि मागे ड्रायव्हर. त्याच्या हातात कुणाकडून तरी मागून आणलेली बॅटरी होती.

"काका, मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "कागदावर लिहिलंय, गाडी सातव्या किलोमीटरला बंद पडली. पण मी त्या दिवशी हॉर्न ऐकला होता. गल्लीच्या तोंडाशी. कितीतरी वेळ वाजत होता. मला वाटलं, कुणीतरी उगाच वाट मागतंय. मी वैतागले होते, काका. बंद पडलेली गाडी गल्लीपर्यंत आली कशी?"

ड्रायव्हरने माझे तोंड उघडले, गंजलेले स्क्रू फिरवले, बॅटरी बसवली. "मी तोंडाने सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "तिकडे माझी सही आहे. हिलाच विचार."

त्याने किल्ली फिरवली. मी नुसती खोकले. माझ्या नळ्यांत गाळ बसला होता. मित्रांनो, आयुष्यात मी कितीदा तरी सुरू झाले असेन, पण त्या दिवशी मी सगळा जीव गोळा केला. दुसऱ्यांदा किल्ली फिरली. मी थरथरले, काळा धूर ओकले आणि सुरू झाले.

ती पुढे आली. उजव्या हाताचा तळवा तिने माझ्या बॉनेटवर ठेवला. त्या हातावरचे व्रण ताणलेल्या कातड्यासारखे चकाकत होते.

"म्हणजे बंद पडली नव्हती."

"नाही, पोरी."

"मग कोणी थांबवलं?"

"कुलपानं. त्यांनी किल्ली दिली नाही. आणि आम्हीही..." ड्रायव्हरने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरले. "ते 'येतेय, येतेय' म्हणत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो. पहिल्याच मिनिटाला उचलून पळालो असतो तर... माहीत नाही. पण पळालो नाही."

ती रडली नाही. त्याला माफ केले, असेही म्हणाली नाही. माझे इंजिन चालू असेपर्यंत हात तसाच ठेवून उभी राहिली. मग विचारले, "तुम्ही केलेली सही खोडायला किती दिवस लागतील?"

त्याच दुपारी ती सिस्टरांना घेऊन आली. सिस्टर आता काठी घेऊन चालत होत्या. त्या पुढच्या जागेवर बसल्या आणि मुलगी ड्रायव्हरच्या जागेवर. ड्रायव्हर बाहेर उभा राहिला.

"तुझी पहिली पट्टी मी बांधली होती," सिस्टर म्हणाल्या. "शेवटची मी सोडली. आणि तुझ्या बापाबद्दल मी खोटं लिहून दिलं."

"वॉर्डासाठी?"

"हो."

"मी त्याच वॉर्डातली आहे, सिस्टर. मला कुणी विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. माझ्यासारख्यांच्या नावानं हे का केलंत?"

सिस्टरांचे हात मांडीवर पडले होते. ते हात इतके रिकामे मी कधी पाहिले नव्हते. मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी पोलिसांकडे जाऊ. सगळं लिहून देते. तू बरोबर ये. नाहीतर वाटेत माझा धीर सुटेल."

त्या गेल्या. ड्रायव्हरही गेला आणि पहारेकऱ्यालाही त्याने बोलते केले.

खरे बाहेर आले, मित्रांनो, पण म्हणून सगळे चांगले झाले असे नाही. अध्यक्षांनी राजीनामा दिला. सेक्रेटरींवरचा खटला अजून चालूच आहे. ड्रायव्हरने खोटी सही केली म्हणून त्याची नोकरी निवृत्तीला काही महिने असताना गेली. दौडीची परवानगी रद्द झाली. नवी इमारत दुसऱ्या मजल्यावरच थांबली. मी उभी आहे तिथून ती दिसते. वर निघालेल्या सळया गंजून लाल झाल्या आहेत आणि त्यांवर पाखरे बसतात. जुन्या वॉर्डात जागा अपुरी पडते, म्हणून काही मुलांना दुसऱ्या शहरात पाठवावे लागले. त्यांतली दोन तिथे पोहोचली नाहीत. हे मला ड्रायव्हरने सांगितले. अधूनमधून तो येऊन माझ्यात बसतो. "आपण बरोबर केलं ना ग?" असे तो मला विचारतो. माझ्या नावावरचा डाग गेला, पण मला आनंद कधी झाला नाही. अध्यक्ष म्हणाले होते तसेच व्हायला लागले होते. तरीही त्या मुलीच्या जागी मी असते, तर मीही विचारलेच असते.

सिस्टर शेवटपर्यंत रोज वॉर्डात जात होत्या. पट्ट्या बांधताना हात थरथरू लागले तेव्हा त्या मुलांजवळ बसून नुसत्या पट्ट्यांच्या घड्या करत. गेल्या थंडीत त्या गेल्या.

परवानगी रद्द झाल्यावर दोन वर्षांनी दौड पुन्हा सुरू झाली होती. सुरू केली ती लिफ्टवाल्यांच्या मुलीने. पहिल्यांदा जेमतेम नव्वद माणसे आली. उजाडायच्या आत निघाली, ऊन चढायच्या आत परतली. ना पाहुणे, ना कर्णे. सातव्या किलोमीटरला पाण्याची दोन पिंपे होती. त्यांतले एक तर उघडलेही गेले नाही. गल्लीच्या तोंडाचा कठडा तिने आधीच मुळापासून कापून काढायला लावला होता. ती स्वतः पळत नाही. सगळी दौड संपेपर्यंत ती त्या मोकळ्या जागेत उभी असते आणि कोणी तिथे सायकलसुद्धा टेकवली तर हाकलते. लोक तिला तिरसट म्हणतात. इमारत मात्र अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे. नव्वद माणसांच्या वर्गणीतून किती विटा येणार?

माझ्यामागे कधीच कोणी धावत नव्हते, आता माझ्यापुढेही कोणी नाही. येत्या सोमवारी भंगारवाला मला नेणार आहे. मला वाचवा, रंगवा, कुठल्या बागेत उभी करा, असे मी म्हणणार नाही. माझे लोखंड कशाच्या तरी कामी येईल.

पण तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले कोणी शर्यती भरवतील, कोणी समारंभ करतील, कोणी चांगल्या कामासाठी हजारो माणसे एकत्र आणतील. तेव्हा एवढे करा. पुढच्यांना टाळ्या जरूर द्या, पण कोणाच्या तरी हाती किल्ली देऊन त्याला मागच्या बाजूला उभे करा. आणि गर्दीत कुठे कोणी खूप वेळ हॉर्न वाजवत असेल, तर कपाळाला आठ्या घालण्याआधी जाऊन बघा. त्या गाडीत कोणीतरी आडवे असते, मित्रांनो.